आईने सांगितलेली लेकाची थोरवी : लेण्यांतली साक्ष कशी तपासावी?



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘सत्य, मत आणि तर्कदोष’ असा छापला आहे. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि वर असा विषय, म्हणून मागच्या काही मंडळींनी दाराजवळच्या खुर्च्या धरलेल्या दिसतात. घाबरू नका. ‘सत्य म्हणजे काय’ या प्रश्नात आज आपण शिरणार नाही. आज आपण आपल्याच गावची टेकडी चढणार आहोत. मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की शहरापासून सात-आठ किलोमीटरवर दिसते ती. बहुतेक नाशिककर तिला पांडवलेणी म्हणतात, काही जण बुद्धलेणी म्हणतात, आणि लेण्यांतल्या लेखांत तिचं नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असं आहे.

ही टेकडी का निवडली? तर्कशास्त्राच्या पुस्तकांतली उदाहरणं बेचव असतात. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मनुष्य आहे’ यात कुणाचं काही अडलेलं नसतं. खरा तर्कदोष घडतो तो जिथे आपलं मन गुंतलेलं असतं तिथे. आपलं गाव, आपली जात, आपला धर्म, आपले पूर्वज. या टेकडीवर हे सगळं एका ठिकाणी सापडतं. शिवाय इथे दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं स्वतः बोलतात. काही खरं बोलतात, काही फुगवून बोलतात, आणि काही आपली चूकही कबूल करतात. साक्षी तपासायला याहून चांगली जागा आम्हाला ठाऊक नाही.

सुरुवात नावापासून करू. ‘पांडवलेणी’ म्हणतात, म्हणजे ती पांडवांनी कोरली. हा युक्तिवाद लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकला आहे. डोंगरात एवढं प्रचंड काम साध्या माणसाच्या हातून होणार नाही, तेव्हा ते वनवासातल्या पांडवांचं, असं जुन्या लोकांना वाटलं. बुद्धाच्या मोठ्या मूर्तींना धर्मराज, भीम अशी नावं मिळाली. यात कुणाची लबाडी नव्हती. भिंतीवरची ब्राह्मी लिपी वाचणारंच कुणी उरलेलं नव्हतं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचं कोडं सोडवलं. पुढे भगवानलाल इंद्रजी, एमिल सेनार अशा अभ्यासकांनी इथले लेख वाचून छापले, आणि भिंती बोलू लागल्या. लेणी कुणी कोरवली, कोणत्या राजाच्या कोणत्या वर्षी, कोणत्या भिक्षूंसाठी, हे त्यांत लिहिलेलं आहे. पांडवांनी कोरली असं एकही लेख म्हणत नाही.

आता बघा हं, गंमत पुढे आहे. इथल्या तिसऱ्या लेण्यातल्या एका लेखात अर्जुन आणि भीमसेन यांची नावं खरोखरच आहेत. एका गृहस्थांनी आम्हाला हे मोठ्या विजयी मुद्रेने सांगितलं होतं. ‘सर, शिलालेखात पांडव आहेत!’ आहेतच. पण तिथे म्हटलंय काय? तर अमुक राजाचा पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा होता. एखाद्या पोवाड्यात सरदाराला भीमाची उपमा दिली, म्हणून त्याचा वाडा भीमाने बांधला असं होत नाही. लेखात काय आहे ही झाली वस्तुस्थिती. त्यावरून काय निघतं हा झाला तर्क. पहिली खरी असूनही दुसरा चुकू शकतो. चुकीच्या युक्तिवादांत बऱ्याचदा आधारवाक्य खरंच असतं. म्हणून तर आपण फसतो.

गावाच्या नावाचंही तसंच आहे. शूर्पणखेची नासिका इथे कापली म्हणून नाशिक, असं कोणी म्हणतो. नऊ शिखरांवर वसलं म्हणून नाशिक, असं दुसरा म्हणतो. लेणं क्रमांक १९ मध्ये सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या वेळचा लेख आहे. नाशिकच्या एका महामात्राने ते लेणं करवलं असं त्यात आहे. शेजारच्या चैत्यगृहावरच्या लेखातही नाशिककरांचा उल्लेख येतो. म्हणजे हे नाव सुमारे दोन हजार वर्षं तरी चालत आलेलं आहे, एवढं सिद्ध झालं. ते ‘का’ पडलं, हे मात्र लेख सांगत नाही. ‘नासिका’ आणि ‘नाशिक’ यांतलं साम्य खरं नातं असेल, किंवा कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल. तिथे आपण ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणून थांबायला हवं. थांबता येणं हाही विचारशक्तीचाच भाग आहे, बरं का.

आता मुख्य साक्षीदाराकडे जाऊ. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर एक लांबलचक प्राकृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या १९ व्या वर्षीचा. लेणं दान करणारी आहे गौतमी बलश्री. ती पुळुमावीची आजी आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेखातला मोठा भाग या गौतमीपुत्राच्या स्तुतीचा आहे. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला. खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित केलं. तो आईचा आज्ञाधारक होता, हेही आहे त्यात. कोणती आई ते विसरेल?

त्या वेळी गौतमीपुत्र हयात नव्हता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच लेण्यात त्याच्या २४ व्या वर्षाचा एक हुकूम आहे, त्यात राजमातेचा उल्लेख ‘जिचा पुत्र जिवंत आहे ती’ अशा शब्दाने आलेला आहे. त्या हुकमानंतर बऱ्याच वर्षांनी ती नातवाच्या राज्यात हे लेणं भिक्षुसंघाला देते आणि भिंतीवर लेकाची थोरवी कोरवते. माणूस म्हणून हे वाचताना गळा दाटतो. पण साक्षीदार म्हणून तिचं काय करायचं? आई, राजमाता, जिंकलेल्या पक्षाची. ‘आपला तो बाब्या’ हे सांगायला याहून चांगली साक्ष मिळायची नाही.

इथे दोन प्रकारची माणसं दोन चुका करतात. पहिला प्रकार म्हणतो, ‘शिलालेखात कोरलंय म्हणजे खरंच असणार, दगड खोटं बोलत नाही.’ अहो, दगड बोलतच नाही, कोरवून घेणारा बोलतो. दुसरा प्रकार स्वतःला जास्त हुशार समजतो. तो म्हणतो, ‘आईने लेकाची केलेली स्तुती आहे ना, मग सगळं खोटं.’ हीदेखील तितकीच मोठी चूक. सांगणारा पक्षपाती आहे, यावरून सांगितलेलं खोटं आहे असं निघत नाही. यावरून एवढंच निघतं, की दुसरी, तिच्याशी संबंध नसलेली साक्ष शोधली पाहिजे. पोराला ९० टक्के पडले असं आई सांगत असेल, तर आईशी वाद घालू नये, गुणपत्रिका बघावी.

गौतमीपुत्राची गुणपत्रिका सापडली १९०६ साली, आपल्याच जिल्ह्यात, गोदावरी-दारणा संगमावरच्या जोगलटेंभी गावात. चांदीच्या नाण्यांचा साठा, तेरा हजारांहून जास्त नाणी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून १९०८ साली प्रसिद्ध केला. ही नाणी क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं. आणि यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर पुन्हा दुसरा ठसा मारलेला आहे. त्यावर नाव आहे गौतमीपुत्र सातकर्णीचं. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो, वर सातवाहनांची चिन्हं.

खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. हे अनुमान धुरावरून अग्नी ओळखण्याइतकं सरळ आहे. नहपानाच्या चलनावर गौतमीपुत्राचा ताबा आला होता. बलश्रीने सांगितलेल्या विजयाला अशा ठिकाणाहून दुजोरा मिळाला, की जिथे आईच्या मायेचा काही संबंध नाही. पण इथेही हात आखडता ठेवावा लागतो. ठशावरून सत्ता हस्तांतरित झाली हे कळतं. ‘वंश निःशेष केला’ हे ठशावर लिहिलेलं नाही. आणि तीन समुद्रांचं पाणी तर नाण्यांत मुळीच नाही. साक्षीला दुजोरा मिळाला म्हणजे साक्षीतल्या प्रत्येक शब्दाला मिळाला, असं नव्हे.

तिसरी साक्ष याहून रूक्ष, आणि म्हणून आम्हाला फार प्रिय. त्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाचा एक सरकारी हुकूम आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेला. गोवर्धन म्हणजे त्या काळचं इथलं प्रशासकीय ठाणं. त्यात म्हटलंय, की पूर्वी उषवदाताकडे असलेलं शेत, २०० निवर्तनं, या टेकडीवरच्या भिक्षूंना द्यावं. हा उषवदात नहपानाचा जावई. म्हणजे शेताचा आधीचा धनी जुन्या सत्तेचा माणूस, आणि आता ते दान देतोय नवा राजा. इथे कुणी विजयाची बढाई मारत नाही. सात-बारा बदलतोय इतकंच.

आणि मग येतो २४ व्या वर्षाचा तो दुसरा हुकूम. त्यातला मजकूर काय? कखडी गावात भिक्षूंना पूर्वी जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा त्याऐवजी शहराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं द्यावीत. मंडळी, हा कागद, म्हणजे दगड, लाखमोलाचा आहे. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं त्याने दान दिलेल्या शेताचं गाव ओसाड होतं, आणि राजाचं दफ्तर ते मान्य करतं! माणूस स्वतःच्या बढाईच्या विरुद्ध काही सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचं वजन वाढतं. घरातही बघा, ‘मी नेहमी वेळेवर असतो’ यापेक्षा ‘त्या दिवशी मला उशीर झाला होता’ यावर आपण चटकन विश्वास ठेवतो.

आता प्रतिपक्षाकडे जाऊ, नाहीतर आपणच पक्षपाती ठरू. दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. तो शक होता. त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. तीन लाख गाई दिल्या, १६ गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण घातलं. याच्या शेजारी त्याचंच दुसरं विधान ठेवा. ४२ व्या वर्षी त्याने गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायम ठेवीत ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत. मुद्दल परत द्यायचं नाही. हे निगमसभेत ऐकवलं आणि नोंदवलं, असंही तो सांगतो.

करा हिशेब. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. पै न पै जुळते! तीन लाख गाई कोण मोजणार? पण ठेवीचं विधान धाडसाचं आहे. ते खोटं असतं तर विणकरांच्या श्रेणीने, निगमसभेने, भिक्षूंनी, कुणीही उठून पकडलं असतं. आम्ही विद्यार्थ्यांना एकच ओळख सांगत असू. जे विधान चुकीचं ठरण्याचा धोका पत्करतं, ते ऐकण्याच्या लायकीचं. जे कशानेही चुकीचं ठरू शकत नाही, त्याला नमस्कार करून पुढे जावं. आणि लक्षात घ्या, दोन्ही विधानं एकाच माणसाची आहेत. ‘अमुक माणूस खरा, तमुक खोटा’ असं माणसांचं वर्गीकरण करून भागत नाही. विधानागणिक तपासावं लागतं.

आणखी एक विरोधी साक्ष गुजरातेत आहे, गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढला. महाक्षत्रप रुद्रदामनचा लेख, शक ७२, म्हणजे इसवी सन १५०. बलश्रीच्या यादीत गौतमीपुत्राच्या ताब्यातले म्हणून जे प्रदेश येतात, त्यांतले सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावंती हे पाच रुद्रदामन स्वतःचे म्हणून सांगतो. वर म्हणतो, दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून नष्ट केलं नाही. मग खोटं कोण? आपला हात लगेच उठतो, ‘शक खोटा!’ का हो? कारण तो ‘आपला’ नाही. प्रत्यक्षात दोघंही खरं सांगत असू शकतात, कारण दोघं एकाच वेळेबद्दल बोलत नाहीत. काही वर्षांपूर्वी जे सातवाहनांनी घेतलं होतं, ते नंतर क्षत्रपांनी परत मिळवलं. दोन विधानं विरुद्ध दिसली की आधी विचारावं, दोन्ही एकाच काळाची, एकाच अर्थाची आहेत का? घराघरांतली निम्मी भांडणं या एका प्रश्नाने मिटतील. सासू १९८० ची गोष्ट सांगत असते आणि सून कालची.

आपल्या न्यायदर्शनात चुकीच्या हेतूंना ‘हेत्वाभास’ म्हणतात. हेतूसारखे दिसतात, पण हेतू नसतात. गौतमाने पाच प्रकार सांगितले. सगळे सांगत नाही, दोन पुरेत.

पहिला सव्यभिचार. म्हणजे जो हेतू साध्याशी एकनिष्ठ नाही. ‘गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावं आहेत, त्याअर्थी सातवाहनांत मातृसत्ता होती.’ हे फार मोहक आहे, आणि आज ते खरं असावं असं अनेकांना मनापासून वाटतं. पण आईचं नाव लावणं आणि वारसा आईकडून जाणं या दोन गोष्टी आहेत. याच टेकडीवर आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख आहे. तो स्वतःला माढरीपुत्र म्हणवतो, आणि त्याच दमात शिवदत्ताचा पुत्रही. आईचं नावही आहे, बापाचंही आहे. सातवाहनांतही गौतमीपुत्रानंतर त्याचा मुलगाच गादीवर आला. तेव्हा हेतू गळून पडला. याने मातृसत्ता नव्हती हे सिद्ध झालं का? नाही. या हेतूने ती सिद्ध होत नाही, एवढंच झालं. ‘पुरावा अपुरा’ आणि ‘विधान खोटं’ यांतलं अंतर सोडू नका.

दुसरा साध्यसम. जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून पुढे करणं. आणि इथे, श्रोतेहो, आम्हाला आमची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही कित्येक वर्षं वर्गात गुढीपाडव्याची कथा इतिहास म्हणून सांगितली. शालिवाहनाने मातीचे सैनिक केले वगैरे चमत्कार आम्ही अर्थातच वगळत असू, आम्ही पडलो तर्कनिष्ठ! पण गाभा ठेवत असू. सातवाहन राजाने शकांचा पुरता नायनाट केला आणि त्या विजयाप्रीत्यर्थ इसवी सन ७८ मध्ये शक सुरू झाला. पुरावा काय? तर कालगणनेचं नावच ‘शालिवाहन शक’ आहे. पाहिलंत? जे सिद्ध करायचं, तेच नाव पुरावा म्हणून. पांडवलेणी पांडवांची, हाच युक्तिवाद. फक्त तो खेडुताने केला की आम्ही हसत होतो, आणि आम्ही केला की तो व्याख्यान होत होता.

एकदा आम्ही पदवीच्या वर्गाला घेऊन या लेण्यांवर गेलो. दहाव्या लेण्याच्या अंगणात उभं राहून हेच सांगत होतो. एका विद्यार्थिनीने ग्रंथालयात बसून लेखांची भाषांतरं वहीत उतरवून आणली होती. ती म्हणाली, ‘सर, शक नष्ट झाले, तर मग ही विष्णुदत्ता कोण?’

त्या अंगणातल्याच भिंतीवर ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा तो लेख आहे. साधारण तिसऱ्या शतकातला, म्हणजे बलश्रीच्या लेखाच्याही नंतर शंभरेक वर्षांचा. त्यात विष्णुदत्ता नावाची एक उपासिका कारागिरांच्या श्रेण्यांकडे कायम ठेव ठेवते, त्यांत तेल गाळणारेही आहेत. व्याजातून काय करायचं? त्रिरश्मीवरच्या विहारातल्या आजारी भिक्षूंना औषधं द्यायची. आणि ती आपली ओळख सांगते, शक अग्निवर्म्याची मुलगी, स्वतः शकानी.

आम्हाला उत्तर ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे तो लेख आम्ही कधी नीट वाचलाच नव्हता. ‘हो बाई, चांगला प्रश्न आहे, बघून सांगतो’ म्हणायला काय हरकत होती? पण समोर चाळीस पोरं, आणि आम्ही प्राध्यापक. आम्ही म्हणालो, ‘हे परीक्षेला येणार नाही.’ वर्ग हसला. तिने वही मिटली. वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही.

बाबा वाक्यं प्रमाणम् याची आपण टर उडवतो, पण त्या दिवशी बाबा आम्हीच होतो. न्यायभाष्यात वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगितलं आहे. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. वयाने, पदवीने, खुर्चीने आप्त होता येत नाही. त्या अंगणात आप्त ती मुलगी होती.

पुढे लाज वाटून आम्ही वाचायला बसलो, तेव्हा काय दिसलं? गौतमीपुत्राचे लेख त्याच्या राज्याच्या १८ व्या, २४ व्या वर्षाचे. पुळुमावीचे त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांचे. घराण्याने संवत्सर स्थापन केला असता, तर घरातच तो कुणी वापरला नाही हे कसं? उलट बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्यांचा शक ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे. तो म्हणतो, शक राजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षं. शकांच्या पराभवापासून नव्हे! शालिवाहनाचं नाव या कालगणनेला जोडलेलं आढळतं ते त्यानंतर कित्येक शतकांनी, मध्ययुगात. म्हणजे ज्या शकाला आपण शकांवरच्या विजयाची खूण समजत होतो, तो जुन्या लेखांप्रमाणे शक राजाच्याच राज्यारोहणाची खूण आहे.

हे एका ठिकाणी बोललो, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ रागावून उठले. ‘मग आम्ही गुढी उभारायची नाही का?’ उभारा ना! आम्हीही उभारतो. कडुनिंब खातो, श्रीखंड जरा जास्तच खातो. गुढी आपण आपल्या आनंदासाठी आणि आजीने उभारली म्हणून उभारतो. तिला इसवी सन ७८ च्या लढाईचा आधार लागत नाही. श्रद्धेचं आणि पुराव्याचं असं लग्न लावून दिलं, की पुरावा डळमळला की श्रद्धेलाही कापरं भरतं. दोघांनी आपापल्या घरी सुखाने राहावं.

मग सगळीच मतं सारखी का? ‘तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला’? नाही. नहपानाचं उदाहरण घ्या. त्याच्या काळातल्या लेखांत ४१, ४२, ४५, आणि जुन्नरच्या लेखात ४६, अशी वर्षं येतात. ती शक संवताची धरली, तर इसवी सन ११९ ते १२४. ती वेगळ्या मोजणीतली धरली, तर नहपान पहिल्या शतकात जातो, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येणाऱ्या मांबानोस नावाच्या राजाशी त्याचा मेळ बसतो. अभ्यासकांत आजही दोन पक्ष आहेत. ही मतंच आहेत, पण कारणं देणारी आणि नवं नाणं सापडलं तर बदलायला तयार असलेली. ‘नहपान कुठल्या शतकात होता याने काय फरक पडतो, तो शत्रूच’ हेही एक मतच. पहिल्या दोघांत वाद होतो. तिसऱ्याशी होते ती वितंडा.

आणि शेवटी आपला स्वतःचा पक्षपात. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राला ‘एकबम्हण’ म्हटलं आहे. काही अभ्यासकांनी अर्थ केला, अद्वितीय ब्राह्मण. काहींनी केला, ब्राह्मणांचा एकमेव कैवारी. विद्वानांचा वाद शब्दाच्या रूपावर चालतो, तो चालू द्या. आमच्या पाहण्यात आलेली गंमत वेगळी. या शब्दाचा अर्थ आम्ही सभांतून अनेकांना विचारला, आणि प्राकृताचं एक अक्षर न येणाऱ्यांचंही ठाम मत होतं! ते मत साधारणपणे बोलणाऱ्याच्या आडनावावरून आधीच ओळखता येई. आमचंही त्याला अपवाद नव्हतं. निष्कर्ष आपल्याला फार सोयीचा वाटला, की तिथे दुप्पट पुरावा मागावा. परक्याला जेवढा मागतो त्याच्या दुप्पट.

याच लेण्यांनी ही सवय आपोआप लागते. ज्याला ‘एकबम्हण’ म्हटलं, त्याच्या आईचं दान बौद्ध भिक्षूंना. लाख ब्राह्मणांना जेवण घालणारा शक, आणि त्याचंही लेणं बौद्ध भिक्षूंसाठी. आजची खोकी घेऊन टेकडीवर गेलात, तर यांतलं कुणीच त्यांत मावत नाही. खोकी खाली ठेवावी लागतात.

वेळ संपत आली. भ्रमणध्वनीवर रोज सकाळी इतिहास येऊन पडतो. पुढे ढकलण्याआधी बलश्रीपाशी विचारले तेच प्रश्न विचारा. सांगतंय कोण आणि कुणासाठी? त्याच्याशी संबंध नसलेली दुसरी साक्ष आहे का? हे चूक ठरायचं असेल तर काय सापडावं लागेल? आणि हे मला इतकं का आवडलं? चौथा सर्वांत अवघड आहे, तो एकट्याने विचारायचा असतो.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचं राहून गेलं. ती आता कुठे आहे ठाऊक नाही. ही भाषणं लिहून काढून ठेवतात असं आयोजक म्हणाले, म्हणून इथे सांगतो. बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता. राजवट गेली होती, माणसं गेली नव्हती. विजेत्याने कोरलेला ‘नाश’ हा शब्द आम्ही शब्दशः घेतला, आणि शेजारच्याच लेण्यातली, आजाऱ्यांच्या औषधाची सोय करणारी बाई आम्हाला दिसली नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही टेकडीवर जाणार आहोत. ज्यांना पायऱ्या जमतात त्यांनी यावं. दहाव्या लेण्याच्या अंगणात थांबू, आणि या वेळी प्रश्न तुम्ही विचारायचे.